गॅलिक अॅसिडची शाई लिहिताना फिकी आणि दुसऱ्या दिवशी काळीभोर, आत नक्की काय होतं?

निळसरकाळा यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी वनस्पतींमधलं एखादं फिनॉल (बेंझिनच्या रिंगवर हायड्रॉक्सिल म्हणजे OH असलेला पदार्थ) घ्यायचं होतं म्हणून गॅलिक अॅसिड घेतलं, आणि आता त्याने मला पुरतं झपाटलंय. जुन्या पद्धतीची लोखंडी शाई करून बघितली. १०० मिली डिस्टिल्ड वॉटर कोमट करून त्यात १ ग्रॅम गॅलिक अॅसिड विरघळवलं (बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलंय), थंड झाल्यावर ३ ग्रॅम फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस टाकला आणि थोडा डिंक. मला वाटलं होतं टाकल्या टाकल्या काळंकुट्ट होईल. तसं काही झालं नाही. फिकट जांभळट राखाडी झालं, पातळ जांभळाच्या रसासारखं. बोरू बुडवून लिहिलं तर कागदावर अक्षरं धड दिसेनात, पेन्सिलीने हलकंच लिहावं तशी. कंटाळून कागद तसाच टेबलावर ठेवून निघून गेलो, सकाळी बघतो तर तीच अक्षरं काळीभोर! बोट ओलं करून घासलं तरी हलेनात.

इथवर छान. पण बाटलीत उलटंच झालं. तीन दिवसांनी वर काळपट साय धरली, तळाला साका बसला आणि मधलं पाणी परत फिकंच. आता ती शाई हलवून लिहिली तर कण कण उमटतात आणि घासल्यावर निघूनही येतात.

माझे प्रश्न असे. एक, सुरुवातीला काळी का होत नाही, रेणू तर दोन्ही तेच आहेत ना? दोन, बाटली टिकवायची कशी? तीन, हे लोखंड गॅलिक अॅसिडला नेमकं धरतं कुठे, मला आधी वाटलं होतं कार्बॉक्सिलला (COOH गटाला), कारण अॅसिड आहे म्हणजे तिथलाच प्रोटॉन आधी जाणार. पण मग बेंझोइक अॅसिडने पण काळी शाई व्हायला पाहिजे आणि ती होत नाही, करून बघितलं. कुणी नीट समजावेल का, नुसतं 'कॉम्प्लेक्स तयार होतो' एवढंच पुस्तकात दिलंय आणि त्याने समाधान होत नाहीये.

खडूफळा यांचं उत्तर:

प्रश्न फार आवडला, आणि बेंझोइक अॅसिडने करून बघितलंस हे तर त्याहून आवडलं, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. मी बरीच वर्षं हेच शिकवतोय त्यामुळे जरा लांब लिहितो, सवडीने वाच.

आधी रेणू डोळ्यासमोर आण. बेंझिनची रिंग, एका कोपऱ्यावर कार्बॉक्सिल, आणि त्याच्या समोरच्या बाजूला ३, ४, ५ या जागांवर तीन हायड्रॉक्सिल एकमेकांना खेटून. सगळी गंमत या 'खेटून' मध्ये आहे. कार्बॉक्सिलचा प्रोटॉन पहिला जातो हे तुझं बरोबर, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा प्रोटॉन गेलेला असतो तो आकडा) साधारण ४.४. पण ते झालं अॅसिड म्हणून वागणं. लोखंडाला मात्र चिमट्यात धरणारं कुणीतरी लागतं, आणि शेजारी शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल प्रोटॉन सोडून ऑक्सिजनचा असा चिमटा करतात की लोखंडासकट पाच अणूंची रिंग होते. बेंझोइककडे हा चिमटा नाही म्हणून ते कोरडं राहिलं. अजून खात्री पाहिजे असेल तर ३,५-डायहायड्रॉक्सीबेंझोइक मिळालं तर घे. त्यात हायड्रॉक्सिल दोन आहेत पण एक घर सोडून बसलेत, काळी शाई होणार नाही. सिरिंजिक अॅसिडही तसंच, तिथे मधला हायड्रॉक्सिल मोकळा आहे पण दोन्ही शेजाऱ्यांच्या तोंडाला मेथिलचं बूच बसलंय.

आता फिकी का ते. हिराकसात लोखंड फेरस असतं, म्हणजे दोन प्लस. फेरस आणि गॅलिक अॅसिडची मैत्री सैल असते, जे काही बनतं ते पाण्यात विरघळतं आणि त्याला म्हणावा असा रंग नसतो. तुझ्या द्रावणाला जांभळट छटा आली ती बहुतेक तुझ्या हिराकसाच्या खड्यांमुळे. बाटली जुनी असली की हिरव्या खड्यांवर पिवळट तपकिरी पापुद्रा धरतो, तो फेरिक झालेला भाग. तेवढ्यापुरतं लगेच रंगलं. खडे पाण्याने झटकन धुऊन, टिपून, मग टाकून बघ, अजून फिकं येईल.

खरा काळा पदार्थ हा फेरिकचा, तीन प्लसचा. लोखंडाने एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याची ऑक्सिजनवरची ओढ एकदम वाढते, चिमटा घट्ट बसतो, आणि मग रिंगवरचा इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून लोखंडाकडे उडी मारायला लागतो. ही उडी जवळपास सगळ्या दृश्य प्रकाशाला चालते म्हणून डोळ्याला निळसर काळं दिसतं. आणि हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. म्हणजे बघ, विरघळलेला फिका पदार्थ कागदाच्या तंतूंमध्ये आत झिरपतो आणि मग आत बसल्यावर हवेतला ऑक्सिजन घेऊन काळा, न विरघळणारा होतो. तंतूच्या आत जन्मलेला कण ओल्या बोटाने कसा निघणार. बाटलीत तोच कण आधीच जन्मला की तो तळाला जातो, नाहीतर कागदावर नुसता वर बसतो, म्हणून तुझी शिळी शाई घासून निघते. साय वर धरली हेही त्याचंच, ऑक्सिजन वरूनच येतो ना.

आणि टिकवायची कशी, तर अॅसिड. अगदी थोडं पातळ सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक. त्याने दोन कामं होतात. चिमटा उघडा राहतो कारण प्रोटॉन हायड्रॉक्सिलवर बसून राहतात, आणि फेरसचं फेरिक होणं मंदावतं. पीएच ५ च्या पुढे असताना पीएच एकने वाढला की फेरसचं हवेने ऑक्सिडेशन जवळजवळ शंभरपट वेगाने होतं, आणि चिमटा आधीच बसलेला असला तर फेरसला इलेक्ट्रॉन सोडायला आणखी सोपं जातं. म्हणून बाटली आंबट ठेवायची. मग कागदावर ती काळी होते कशी? बहुतेक साध्या कागदांत भरणी म्हणून खडूची पूड असते, ती अॅसिड खाऊन टाकते, आणि थर इतका पातळ की हवा लगेच पोचते.

डिंकाचं काम कण तरंगत ठेवणं आणि शाई बोरूवरून एकदम न सांडणं, रंगाशी त्याचा संबंध नाही. जुन्या ब्लू-ब्लॅक शाईत निळा रंग वेगळा घालायचे ते याचसाठी, लिहिताना अक्षर दिसावं म्हणून. निळं लगेच दिसायचं, काळं मागून यायचं.

सरळसोट यांचं उत्तर:

एवढं कशाला, पाणी उडून गेलं की शाई घट्ट होते म्हणून गडद दिसते. कुठलीही शाई वाळल्यावर गडदच दिसते.

खडूफळा:

सरळसोट, शंका योग्य आहे पण तपासून बघता येते. ओली पट्टी एका बरणीत ओल्या कापसाबरोबर बंद करून ठेवायची, बरणीत हवा भरपूर पाहिजे. पट्टी वाळणारच नाही. तरी काळी झाली तर वाळण्याचा मुद्दा निकालात. आणि दुसरीकडे हीच शाई परीक्षानळीत, उकळून गार केलेल्या पाण्यात करून वर पॅराफिन तेलाचा थर द्यायचा, ती बराच वेळ फिकी राहायला पाहिजे. निळसरकाळा, दोन्ही करून इथे सांग.

जीर्णपान यांचं उत्तर:

मी जुन्या हस्तलिखितांची दुरुस्ती करते, त्यामुळे या शाईशी माझं रोजचं भांडण आहे आणि रोजचं प्रेमही. खडूफळा सरांनी जन्म सांगितला, मी पुढचं आयुष्य सांगते.

निळसरकाळा, तुमचं प्रमाण बघून मला लगेच खटकलं. १ ग्रॅम गॅलिक अॅसिड मोनोहायड्रेट म्हणजे १८८.१३ ने भागलं तर ५.३ मिलिमोल. ३ ग्रॅम हिराकस, सात पाण्यांसकट २७८, म्हणजे १०.८ मिलिमोल. काळ्या पदार्थात लोखंड आणि गॅलिक साधारण एकास एक असतं. म्हणजे तुमचं निम्मं लोखंड कुणाच्याच चिमट्यात नाही, मोकळं फिरतंय. १ ग्रॅमला दीड ग्रॅम हिराकस पुरला असता. आणि त्याहून महत्त्वाचं, लोखंड गॅलिकने धरलं की सल्फेट एकटं पडतं, त्याला प्रोटॉन मिळतात आणि शाईत सल्फ्युरिक अॅसिड तयार होतं, लोखंडाच्या दर अणूमागे साधारण एक रेणू. वरून अॅसिड न घालतासुद्धा.

हे दोघं मिळून कागद खातात. अॅसिड सेल्युलोजच्या साखळीतले जोड पाण्याने तोडतं, आणि मोकळं फेरस लोखंड हवेतल्या ऑक्सिजनकडून पेरॉक्साइड आणि मग हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवून साखळी ऑक्सिडाइज करतं. मी अशी पानं हातात धरली आहेत की ज्यात ओळ न् ओळ जाळीसारखी झालीये, अक्षराची रेघ होती तिथे आता अक्षराच्या आकाराची फट आहे, पान उचललं की 'ळ' चा पोटातला तुकडा खाली टेबलावर पडतो. तो तुकडा चिमट्याने उचलून परत जागेवर बसवताना हात थरथरू द्यायचा नसतो. आणि त्याच गठ्ठ्यातलं शेजारचं पान, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या प्रमाणाने केलेल्या शाईने लिहिलेलं, एकदम धडधाकट. प्रमाणात किती फरक पडतो ते अशा वेळी कळतं.

मोकळं फेरस आहे का ते बघायला आम्ही बॅथोफेनॅन्थ्रोलिनची पट्टी वापरतो. किंचित ओली करून अक्षरावर टेकवायची, गुलाबी झाली की फेरस आहे. फेरिकला ती गुलाबी होत नाही. उपचार म्हणून कॅल्शियम फायटेट वापरतात. फायटिक अॅसिड हाही वनस्पतींच्या बियांतलाच पदार्थ, फिनॉल नाही पण लोखंड पकडण्यात पटाईत, मोकळं लोखंड धरून त्याची तोडफोड बंद करतो. त्यामागून कॅल्शियम बायकार्बोनेटने अॅसिड मारायचं. नुसत्या पाण्याने कधीही धुवू नये, अर्धवट ओलं झालं की अॅसिड आणि फेरस रेघेतून बाहेर शेजारच्या चांगल्या कागदात पसरतात.

पुष्कळ लोकांना वाटतं की जुनी शाई तपकिरीच होती. नाही, ती काळीच होती. काळानुसार गॅलिकचा भाग मोडतो आणि मागे लोखंडाची तपकिरी संयुगं उरतात. डोळ्याला पुसट वाटणारं अक्षर अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली ठेवलं की कागद चमकतो आणि शाई ते किरण शोषत असल्यामुळे अक्षर गडद उठून येतं. उलट नियर इन्फ्रारेडमध्ये बघितलं तर ही शाई पारदर्शक होऊन जाते, काजळीची शाई मात्र तिथेही काळीच राहते. कुठल्या शाईने लिहिलंय ते ओळखायचा हा फार हाताशी उपाय आहे.

घरी करून बघायचं असेल तर वाळलेल्या काळ्या रेघेवर ऑक्झॅलिक अॅसिडचा थेंब सोडा (विषारी आहे, हातमोजे घाला). रेघ डोळ्यादेखत नाहीशी होते. ऑक्झॅलेट लोखंडाला ओढून घेतं आणि पाण्यात घेऊन जातं, चिमटा रिकामा झाला की रंग संपला.

निळसरकाळा:

सर, ताई, खरंच खूप आभार. मोकळ्या लोखंडाचा हिशोब मी केलाच नव्हता, परत करतो दीड ग्रॅमने.

मधल्या वेळात अजून एक केलं. लोखंड न घालता नुसत्या गॅलिक अॅसिडच्या द्रावणात धुण्याच्या सोड्याची चिमूट टाकली. मला वाटलं काहीच होणार नाही, पण परीक्षानळीत वरच्या अर्ध्या सेंटीमीटरला हिरवी पट्टी आली! खालचं द्रावण तसंच पाण्यासारखं. नळी हलवली की हिरवं सगळीकडे, आणि तासाभरात चहासारखं तपकिरी. मग अॅसिड टाकून परत आंबट केलं, रंग जरा उतरला पण मूळचं स्वच्छ द्रावण काही परत आलं नाही. इंडिकेटर असतं तर परत यायला पाहिजे होतं ना? हे काय आहे?

आणि दुसरं, जुन्या कृतींमध्ये गॅलिक अॅसिड नसतंच, मायफळ असतं, आणि प्रयोगशाळेत टॅनिक अॅसिडची बाटली आहे तिच्यावर मोलर मास १७०१.२ लिहिलंय. माझ्या गॅलिकचं निर्जल १७०.१२. दहापट कसं काय बरोबर? छपाईची चूक वाटली मला.

शोषणपट्ट यांचं उत्तर:

हिरव्या पट्टीचं मी घेतो, अॅनालिसिसच्या लॅबमध्ये काम करतो आणि या पट्टीने मला पण सुरुवातीला बुचकळ्यात टाकलं होतं.

इंडिकेटर प्रोटॉन देतो घेतो, त्यामुळे मागे फिरता येतं. इथे प्रोटॉन गेल्यावर पाठोपाठ इलेक्ट्रॉन पण गेला. अल्कलीत हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन निघाला की रिंग इलेक्ट्रॉनने भरून जाते आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन द्यायला आतुर होते. एक इलेक्ट्रॉन गेला की सेमिक्विनोन रॅडिकल, दुसरा गेला की ऑर्थोक्विनोन, आणि क्विनोन काही शांत बसणारा प्राणी नाही, तो शेजारच्या गॅलिकच्या रिंगला जाऊन चिकटतो. दोन रिंगा कार्बनने कार्बनला जोडल्या गेल्या आणि दोघांच्या कार्बॉक्सिलनी समोरच्या हायड्रॉक्सिलबरोबर वळसा घालून लॅक्टोन (पाणी बाहेर टाकून बंद झालेली रिंग) केले की एलॅजिक अॅसिड तयार, मोलर मास ३०२.१९, चार रिंगांचा सपाट रेणू, पाण्यात विरघळायला महाकठीण. त्याशिवाय आणखी मोठाले तपकिरी तुकडे होतात ते वेगळेच. तुमचं अॅसिड घालून हे नवे कार्बन-कार्बन बंध तुटणार नाहीत, म्हणून माघार नाही. वरच्या थरातच हिरवं आलं कारण ऑक्सिजन तिथेच होता, तुम्ही हलवलंत तेव्हा तो खाली नेलात.

गॅलिकचा कार्बॉक्सिल काढून टाकला, म्हणजे जोरात तापवून कार्बन डायऑक्साइड घालवला, की पायरोगॅलॉल उरतं. ते तर गॅलिकपेक्षाही उतावीळ, कारण इलेक्ट्रॉन ओढून धरणारा कार्बॉक्सिल गेला. अल्कलीतलं पायरोगॅलॉल ऑक्सिजन इतक्या इमानाने शोषतं की ऑरसॅटच्या गॅस उपकरणात ऑक्सिजन मोजायला तेच वापरायचे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कार्बन डायऑक्साइड, मग पायरोगॅलॉलमध्ये ऑक्सिजन, मग अमोनियातल्या क्युप्रस क्लोराइडमध्ये कार्बन मोनॉक्साइड, दर वेळी आकारमान किती घटलं ते बघायचं.

इलेक्ट्रॉन द्यायची ही सवय फोटोग्राफीतही कामाला आली. टॅलबॉटने १८४१ मध्ये कॅलोटाइप या फोटो काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं त्यात कागदावर सिल्व्हर नायट्रेट आणि गॅलिक अॅसिडच होतं. प्रकाश पडलेल्या जागी चांदीचे दोनचार अणू तयार झालेले असतात, डोळ्याला काही दिसत नाही, गॅलिक अॅसिड तिथे अजून चांदीला इलेक्ट्रॉन पुरवत जातं आणि चित्र वर येतं. तुमच्या कागदावर अक्षरं मागून उगवली तशीच.

आता एक कळकळीची सूचना, कारण प्रोजेक्टमध्ये तुम्ही पुढे फोलिन-सिओकाल्टू (निळ्या रंगावरून एकूण फिनॉल मोजायची चाचणी) करणारच. १९६५ मध्ये सिंगलटन आणि रॉसी यांनी ती पद्धत एकूण फिनॉलसाठी बसवली तेव्हा मापदंड म्हणून गॅलिक अॅसिड घेतलं, तेव्हापासून सगळे रिपोर्ट 'गॅलिक अॅसिड इक्विव्हॅलंट' मध्ये निघतात. ७६० ते ७६५ नॅनोमीटरला निळा रंग मोजायचा. पण तो निळा रंग फिनॉलचा नाही, मॉलिब्डेनम आणि टंग्स्टनने इलेक्ट्रॉन घेतले त्याचा आहे. व्हिटॅमिन सी असेल, सल्फाइट असेल, तरी निळं होणार. मी कित्येक रिपोर्ट बघितलेत ज्यात हा आकडा म्हणजे अर्कात तेवढं गॅलिक अॅसिडच आहे असं लिहिलेलं असतं. तसं लिहू नका. गॅलिक किती ते एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) बघा. आणि स्टँडर्डचं द्रावण रोज ताजं, किंचित आंबट, अंधारात. वजन करताना निर्जल की मोनोहायड्रेट ते बघा, १७० आणि १८८ च्या गोंधळात सगळी रेषा दहा टक्क्यांनी हलते.

आणि जो अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतो तोच हवेत उघड्यावर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतो. पेशी वाढवायच्या माध्यमात गॅलिक टाकलं आणि पेशी मेल्या, तर मारलं गॅलिकने की माध्यमातच तयार झालेल्या पेरॉक्साइडने, हे वेगळं तपासल्याशिवाय काही बोलू नये. पेरॉक्साइड मोडणारं कॅटॅलेज एन्झाइम घालून एक कंट्रोल करायचा असतो, एवढं केलं तरी पुष्कळ गैरसमज टळतात.

खडूफळा:

टॅनिक अॅसिडच्या आकड्याचं मला लिहू दे, फार गोड आहे ते. छपाईची चूक नाही.

टॅनिक अॅसिडचं पुस्तकी सूत्र म्हणजे मधोमध ग्लुकोज आणि त्यावर दहा गॅलिक अॅसिड. ग्लुकोजला हायड्रॉक्सिल पाचच, त्या पाचांवर पाच गॅलिक एस्टरने (एक पाणी बाहेर टाकून होणाऱ्या बंधाने) बसतात, तेवढं ९४०.७ चं पेंटागॅलॉयल ग्लुकोज. मग उरलेले पाच या आधीच्या गॅलिकच्याच हायड्रॉक्सिलवर बसतात, गॅलिकवर गॅलिक. आता वजन कर. ग्लुकोज १८०.१६, दहा गॅलिक १७०१.२, आणि दहा एस्टर झाले म्हणजे दहा पाणी बाहेर, दहा गुणिले १८.०१५ म्हणजे १८०.१५. ग्लुकोज जेवढं आत आलं जवळजवळ तेवढंच पाणी बाहेर गेलं! म्हणून बेरीज नेमकी दहा गॅलिकएवढी उरते. म्हणजे आदर्श टॅनिक अॅसिड १ ग्रॅम घेऊन पूर्ण तोडलं तर १ ग्रॅम गॅलिक मिळायला हवं आणि ग्लुकोज वरकड. बाटलीतला माल मात्र एकजिनसी नसतो, कमीजास्त गॅलिक बसलेल्या रेणूंची भेळ असते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा हलेल.

हे एस्टर तोडायला एकतर अॅसिडमध्ये उकळायचं नाहीतर बुरशीला द्यायचं. शीलेने १७८६ मध्ये मायफळांपासून गॅलिक अॅसिड वेगळं केलं, मायफळाचा अर्क नुसता ठेवून दिला आणि त्यात ते खाली बसलं. वर बुरशी येते तीच हे काम करते, हे व्हॅन टीगेमने १८६७ मध्ये दाखवलं, त्या एन्झाइमला आपण टॅनेज म्हणतो. जुन्या कृतीत मायफळं कुटून भिजवून दिवसचे दिवस बुरशी येईपर्यंत ठेवायला सांगतात ते उगीच नाही. मायफळ म्हणजे फळही नव्हे, ओकच्या झाडावर गांधीलमाशीच्या जातीचा छोटा किडा अंडं घालतो तिथे झाड गाठ धरतं, ती ही गाठ, आणि टॅनिनने गच्च भरलेली.

तोंडाला तुरटपणा आणणं, कातडं कमावणं हे मोठ्या टॅनिनचं काम, कारण त्याच्याकडे प्रथिनाला एकाच वेळी अनेक ठिकाणी धरायला अनेक हात असतात. सुट्या गॅलिकने कातडं कमावलं जात नाही. लोखंड धरायला मात्र एक चिमटा पुरतो, म्हणून शाईला सुटं गॅलिक जास्त चांगलं.

आणि जाता जाता, रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की तांब्याच्या जंगालात (हिरव्या गंजात) हिराकस मिसळून विकतात ते ओळखायला मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरस वापरावा, भेसळ असेल तर काळा पडतो. लोखंड ओळखायची कागदी पट्टी, तेव्हाची.

निळसरकाळा:

सगळं करून आलो, म्हणून उशीर झाला.

खडे धुऊन टाकले आणि दीड ग्रॅमच घेतला. द्रावण एवढं फिकं आलं की पांढऱ्या कागदावर धरल्याशिवाय छटा कळेना. पापुद्र्याचं सरांचं म्हणणं बरोबर.

बरणीतली ओली पट्टी: संध्याकाळपर्यंत काळी, आणि बाहेर काढली तेव्हा बोटाला पाणी लागत होतं, अजिबात वाळली नव्हती. तेलाखालची नळी दोन दिवस जवळजवळ तशीच आहे, फक्त तेलाच्या कडेला काचेला लागून एक बारीक निळी रेघ आलीये, तिथून हवा शिरत असणार. तेल पिपेटने काढलं तर तासाभरात वरून निळसर उतरायला लागलं.

ऑक्झॅलिकचा थेंब पण टाकला ताई. रेघेच्या मधोमध टाकला, तिथे गोल पांढरं झालं आणि कडेला काळं तसंच, म्हणजे रेघ दोन तुकड्यांत. मग त्या पांढऱ्या गोलावर बॅथोफेनॅन्थ्रोलिन नाही मिळालं म्हणून काही तपासता आलं नाही.

आणि सरांनी खडूच्या पुडीचं म्हटलं होतं ते डोक्यात राहिलं होतं. सल्फ्युरिकचे थेंब घातलेली शाई घेतली, बाटलीत आठवडा झाला तरी साका नाही, साय नाही. तिने दोन पट्ट्यांवर एकच शब्द लिहिला, एक पट्टी साध्या झेरॉक्सच्या कागदाची, दुसरी प्रयोगशाळेतल्या फिल्टर पेपरची, त्यात खडू नसतो. झेरॉक्सवर दुपारपर्यंत ठळक काळं. फिल्टर पेपरवर रात्रीपर्यंत फिकं राखाडीच, शब्द वाचायला दिव्याकडे धरावं लागत होतं. मग त्या फिल्टर पेपरच्या अर्ध्या शब्दावर खडूच्या पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवला. तेवढाच अर्धा शब्द पंधरा मिनिटांत काळा झाला, उरलेला अर्धा अजून तसाच आहे.